एकतीस जोड बूट आणि स्टोअरचं कुलूप

"बूट काढा आणि समोर एका ओळीत ठेवा," मी सांगितलं.

सकाळी सहाच्या थंडीत एकतीस पोरंपोरी मोज्यांवर उभी राहिली. समोर बुटांचे एकतीस जोड. सैन्यात याला किट इन्स्पेक्शन म्हणतात. म्हणजे जवानाने आपलं सामान मांडायचं आणि उस्तादाने त्यात खोट काढायची. मी तेवीस वर्षं नोकरी केली, त्यातली बारा पीटी इन्स्ट्रक्टर म्हणून. खोट काढण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

रिटायर झाल्यावर मी सोलापुरात, अक्कलकोट रोडला, भरतीची तयारी करून घेणारी एक छोटी अकॅडमी काढली. मैदान भाड्याचं, एक पत्र्याची स्टोअर रूम आणि मी. पोरं मला उस्ताद म्हणतात, कारण सैन्यात पीटी शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात.

तर त्या दिवशीची खोट बुटांत होती. एकतीसपैकी एकोणीस जोड गादीवाले. हा माझा शब्द. दुकानात त्याला कुशन्ड म्हणतात. खाली चार बोटं जाडीचा फोम, टाच उंच, आत पाय ठेवला की जमीन कुठे आहे ते कळत नाही. आम्ही पळायचो ते कॅनव्हासच्या बुटांत. त्यांचा सोल आपल्या कडक भाकरीएवढा पातळ. खडा टोचला की पाय शहाणा होतो, असं माझे उस्ताद सांगायचे. आणि मी ते पुढच्या प्रत्येक बॅचला ऐकवत आलो.

त्यात आठवडाभर आधी भाच्याने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणी परदेशी डॉक्टर सांगत होता की जाड सोलने पाय आळशी होतो, पातळ सोलचे बूट म्हणजे मिनिमलिस्ट बूट घाला, माणूस मुळात अनवाणीच पळत आला आहे. माझा आनंद काय सांगू? आयुष्यात पहिल्यांदा इंटरनेट माझ्या बाजूने बोललं. तो व्हिडिओ पंचवीस मिनिटांचा होता. मी पहिली आठ मिनिटं पाहिली आणि उठलो.

एकोणीस जोडांना चिठ्ठ्या बांधून मी स्टोअरमध्ये टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. सोमवारपासून उरलेल्या बारा जणांसकट सगळे पातळ कॅनव्हासमध्ये. पळण्याचं अंतर मात्र तेच, रोज सहा किलोमीटर.

पहिल्या आठवड्यात टायमिंग खाली आलं. बूट हलका झाला की पाय भरभर उचलतो, त्यात जादू काही नाही. पण मी मैदानावर असा फिरत होतो जणू पळण्याचा शोध मीच लावला. सगळ्यांत जास्त सुधारली अंबिका. तिच्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलं.

अंबिकाच्या वडिलांची शहरात पिठाची गिरणी आहे. घरात कन्नड, बाहेर मराठी. तिला मिलिटरी पोलिसांत जायचं होतं. मुलींसाठी सैन्यात शिपाई म्हणून शिरायचा तो रस्ता, आणि जागा अगदी थोड्या. लेखी परीक्षा ती पास झाली होती. फेब्रुवारीत मैदानी चाचणी. सोळाशे मीटर साडेसात मिनिटांच्या आत. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे हीच संधी, आणि शेवटची.

तिसऱ्या आठवड्यात हजेरी घसरली. कुणाच्या मावशीचं लग्न, कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाची बस चुकली. एकाच महिन्यात इतक्या मावश्यांची लग्नं कशी निघतात, असं मी रागाने म्हणालोसुद्धा. खरं कारण मला एका सकाळी दिसलं. मैदानाच्या कडेला पाच पायऱ्या आहेत. अंबिका त्या उलटी उतरत होती. पाठ खाली, तोंड वर, कठड्याला धरून.

मी तिला बसवलं आणि नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबला. ती ओरडली नाही. डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं.

"किती दिवस झाले?"

"दहा-बारा."

"सांगितलं का न्हाईस?" माझ्या तोंडून आमची गावची भाषा निघाली.

"तुमी म्हणता की, दुखणं म्हणजे कमजोरी शरीरातून बाहेर पडालीय."

हे वाक्य मी भिंतीवर रंगवून घेतलं होतं. लाल अक्षरांत. त्या दिवशी मला ते वाचवेना.

तिला घेऊन मी फिजिओ मॅडमकडे गेलो. बाई वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बोलण्यात सुभेदार मेजर. एक्सरे काढला. हाड शाबूत होतं. मॅडमनी समजावलं ते साधंच होतं. जाड सोलमध्ये आपण टाचेवर आपटतो आणि तो दणका फोम खातो. पातळ सोलमध्ये चवड्यावर उतरावं लागतं, तिथे दणका पोटरी आणि नडगी खाते. खाऊ शकते, पण तिला सवय लागते. सवय नसताना रोज दणके बसले की हाडाच्या कडेला सूज येते. त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. तरीही पळत राहिलं तर हाडाला बारीक चीर जाते. मग महिनोन्‌महिने घरी.

"बूट कधी बदलले?" मॅडमनी विचारलं.

"तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारी."

"कुणी कुणी?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी एकाच सोमवारी." त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, मी एकतीस जणांच्या नडग्यांना बांधलं होतं. मॅडमनी अंबिकाला दोन आठवडे पळणं बंद सांगितलं. सायकल चालेल, पोहणं चालेल. मग परत बघू. चाचणीला नऊ आठवडे उरले होते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी दुसऱ्या टोकाला गेलो. स्टोअर उघडलं, गादीवाले बूट परत वाटले आणि पातळ बुटांचं नावही कुणी काढायचं नाही असा हुकूम दिला. दुसऱ्याच दिवशी एक पोरगा मुरमाच्या वळणावर घोटा मुरगळून बसला. इतके दिवस पातळ सोलवर पळून अचानक चार बोटं उंचावर चढला, तोल जाणारच. म्हणजे जाड घातले तरी मार, पातळ घातले तरी मार. मला काही सुधरेना. बारा वर्षं मी हजारो पाय पळवले आणि आता बूट कोणते घालायचे ते मला सांगता येत नव्हतं. लाज वाटली. खरंच वाटली.

त्या संध्याकाळी मी अंबिकाच्या वडिलांची माफी मागायला गिरणीवर गेलो. मल्लिनाथअण्णा म्हणतात त्यांना. भुवयांवर पीठ, अंगात बंडी. मी ठरवून गेलेलं सगळं एका दमात बोललो. पोरीची शेवटची संधी आहे, चूक माझी आहे, तुम्ही काय बोलाल ते ऐकून घेतो. त्यांनी शेवटचा डबा दळून दिला, पट्टा बंद केला आणि म्हणाले, "चला, सरावाला जायचंय. चालत बोलू."

सराव म्हणजे नंदीध्वजांचा. बाहेरच्यांसाठी सांगतो. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत आमच्याकडे उंचच उंच नंदीध्वज निघतात. एक माणूस तो कमरेच्या पट्ट्यात उभा पेलतो आणि चालतो, आणि थकला की पुढच्याकडे देतो. मी लहानपणापासून यात्रा बघितली, पण सराव कधी बघितला नव्हता. सणाच्या दिवशी जाऊन टाळी वाजवणारा माणूस मी.

दिवेलागणीला गल्लीत वीस-पंचवीस माणसं जमली होती. अण्णा पंचवीस वर्षं नंदीध्वज पेलतात. त्यांनी सरावाची काठी घेतली आणि चार पावलं चालून पुढच्याला दिली. एक दणकट गडी नवीन आला होता. दंड माझ्या मांडीएवढे. त्याला मात्र कुणी काठी देईना. तो नुसता बाजूने चालत होता.

"याला का देत नाही?" मी विचारलं. "अंगात ताकद आहे की."

"ताकद लई हाय," अण्णा म्हणाले. "पर कमरेला अजून काठी म्हाईत न्हाय. चार दिवस नुसतं चालंल. मग चार पावलं पेलंल. मग आमी वजन वाढवत जाऊ. उस्ताद, हितं पहिल्या दिवशी कुणाच्याबी हातात नंदीध्वज देत न्हाईत. मग तो पैलवान असू दे न्हायतर माजा पोरगा."

ते टोमणा मारत नव्हते. सहज सांगत होते. पण माझे कान गरम झाले. समोर गल्लीतली माणसं, कुणी हमाल, कुणी दुकानदार, कुणी बँकेतला, जे पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले ते मी पीटीचा कोर्स करूनही विसरलो होतो. रिक्रूटला पहिल्या दिवशी पूर्ण वजनाचा पिट्टू, म्हणजे पाठीवरची पिशवी, मीही कधी दिला नव्हता. पाठीवरचं ओझं मला कळत होतं. पायाखालचं कमी झालेलं ओझंही एक ओझं असतं, ते नाही कळलं.

निघताना अण्णा पोरीबद्दल एकच बोलले. "तिला निधान शिकवा." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉल इन घेतलं, सगळ्यांना ओळीत उभं केलं. सैन्यात उस्ताद चुकत नाही, जमीन चुकते किंवा जवान चुकतो. तरी मी मोठ्याने म्हणालो, "बुटांच्या बाबतीत उस्ताद चुकला." एकतीस तोंडं माझ्याकडे बघत राहिली. मागच्या ओळीतून कुणीतरी हळूच "व्हय" म्हणालं. मी ऐकलं, पण नाव विचारलं नाही. भिंतीवरचं लाल वाक्य त्याच दुपारी चुन्याखाली गेलं.

मग एक वही केली. एकेकाला बोलावून विचारलं, आजपर्यंत पायात काय होतं? तेव्हा कळलं की पातळ बुटांनी काहीही न झालेली आठ-नऊ पोरं होती. करकंबकडचा एक तर बारावीपर्यंत शेतात आणि शाळेत अनवाणीच हिंडलेला. त्याला पातळ बूट म्हणजे चैन. त्याला तेच ठेवले. ज्यांना गादीची सवय, ते गादीतच पळणार. त्यातल्या ज्यांना पातळ हवेत त्यांनी पहिला आठवडा ते घालून फक्त चालायचं, मग गवतावर पाच मिनिटं पळायचं, तेही दिवसाआड. नडगी कुरकुरली की एक पायरी मागे. सगळ्यांना एकच बूट हा हुकूम रद्द. मॅडमनी वही बघितली आणि म्हणाल्या, "हे आधी केलं असतं तर माझी ओपीडी रिकामी राहिली असती."

अंबिका दोन आठवडे सायकलवर होती. पाय थांबले तरी दम जाऊ द्यायचा नव्हता. नंतर आधी चालणं, मग पळणं, सगळं गादीत. पातळ बुटांत ती फक्त गवतावर थोडी पळायची, पोटरी घट्ट व्हावी म्हणून. जानेवारीच्या शेवटी तिचं टायमिंग सात चाळीस. दहा सेकंद जास्त. मला रात्री झोप लागेना. पातळ बूट घातले तर ती दहा सेकंद कमी करेल, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. एका सकाळी तिने विचारलंसुद्धा, "उस्ताद, चाचणीला तुमचे बूट घालू का?"

तीन महिन्यांपूर्वीचा मी लगेच हो म्हणालो असतो. आता म्हणालो, "तुझ्या पायाला विचार."

चाचणीच्या मैदानाच्या गेटबाहेर अण्णा आणि मी उभे होतो. आत कुणाला सोडत नाहीत. बॅगेत तिने दोन्ही जोड नेले होते. दोन तासांत आम्ही पाच चहा प्यालो. पोरी बाहेर यायला लागल्या, काही हसत, काही रडत. अंबिका आली ती रडत. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सात बावीस," ती म्हणाली. आणि मग रडता रडता हसली.

मी तिच्या पायांकडे बघितलं. गादीवाले. एका बुटाच्या नाडीला माझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी अजून अर्धी लटकत होती, अंबिका, स्टोअर. मी ज्यांना कुलूप लावलं होतं त्याच बुटांनी तिला आत नेलं होतं. आमच्या मैदानावर इतकी जोरात ती कधी पळाली नव्हती. मी विचारलं, कसं जमलं?

"काय की," ती म्हणाली. "पाय दुखतोय का, त्याचा इचारच आला न्हाय. नुसती पळाले."

मी तोंड फिरवलं. डोळ्यांत धूळ गेली असं अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हय, लई धूळ हाय हितं." मैदानावर पाणी मारलेलं होतं.

बाकी सगळे टप्पे पार करून ती ट्रेनिंग सेंटरला गेली. तिथे रविवारी फोन मिळतो. तिसऱ्या रविवारी मला केला. सैन्यातल्या स्टोअरमध्ये बुटांचे दोनच साइझ असतात, एक मोठा पडणारा आणि एक चावणारा, असं मी नेहमी सांगायचो. ते तंतोतंत खरं निघालं, असं ती म्हणाली. गादी नाही, पातळ नाही, दगडासारखे चामड्याचे बूट. मिळाले त्या दिवसापासून ती संध्याकाळी बरॅकमध्ये अर्धा तास ते नुसते घालून बसायची. मग अर्धा तास चालायची. पहिल्या लांब मार्चनंतर तिच्या बरॅकमध्ये जवळजवळ सगळ्यांच्या पायांना फोड, हिचे पाय स्वच्छ. तिथल्या उस्तादांनी विचारलं, हे कुणी शिकवलं?

"मग काय सांगितलंस?" मी छाती पुढे काढून विचारलं.

"आमच्या अप्पांनी. ते नंदीध्वज पेलतात."

माझं नाव नाही. बरोबरच आहे.

या दिवाळीनंतर नवीन बॅच आली, चौतीस जणांची. अजूनही मी पहिल्या सकाळी किट इन्स्पेक्शन घेतो, पण बूट पायातच ठेवायला सांगतो. जाड की पातळ ते बघत नाही. एकेकापुढे थांबून एवढंच विचारतो, "हे किती दिवसांपासून घालतोस?" जो म्हणतो "कालच आणलेत उस्ताद, खास भरतीसाठी," त्याला ओळीतून बाहेर काढतो आणि सांगतो, "मग तू आज चाल."