जिन्याची किल्ली

वकीलसाहेबांच्या पोटात दुखत होतं, आणि ते काही खाण्यापिण्यामुळे नव्हतं. दोघा शिंपी भावांचा सामाईक जिन्याचा दावा त्यांनी थोरल्याच्या बाजूने चौदा वर्षं लढवला. न्यायाधीशांनी तो मध्यस्थीला पाठवला, आणि मध्यस्थाच्या खुर्चीत कोण? त्यांचीच जुनी ज्युनिअर! "अशिलांची रडगाणी ऐकत बसतेस, तुला वकिली जमायची नाही," असं सुनावून त्यांनीच तिला घालवली होती. तिने ही ओळख आधीच उघड केली. धाकट्याची काही हरकत नव्हती.

तिसऱ्या बैठकीत तिने भावांना आत ठेवून दोन्ही वकिलांना बाहेर बसायला सांगितलं. साहेब व्हरांड्यातल्या बाकावर चहा गार करत बसले. थोड्या वेळाने बंद दाराआडून हसणं ऐकू आलं. थोरला हसत होता! चौदा वर्षांत हा माणूस साहेबांसमोर एकदाही हसला नव्हता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. दावा मिटला तर मिटू दे, पण हे हसू तिच्या वाट्याला का?

दार उघडलं. भावांचं जमलं होतं: खालचं दुकान धाकट्याचं, वरची खोली थोरल्याची, जिना दोघांचा.

"सर, मसुदा तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "तुमच्याइतकं नेमकं कोणाला जमतं?"

साहेबांनी सगळं लिहिलं. फक्त जिन्याच्या दाराची किल्ली कोणाकडे राहणार, तेवढं गाळलं. विसरले नव्हते हो! वर्षभरात भाऊ पुन्हा भांडतील, थोरला पुन्हा आपल्याच ऑफिसच्या पायऱ्या झिजवील, आणि हिचं नाक कापलं जाईल. मत्सर माणसाला किती खाली नेतो, ते असं.

तिने कागद वाचला. एका जागी थांबली. "तडजोड फुटते ती किल्लीपाशी," हे तिला साहेबांनीच शिकवलं होतं. तिने वर पाहिलं; साहेबांनी नजर चुकवली. तिने कागद आणि पेन तेवढं त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी मुकाट्याने एक ओळ वाढवली: किल्ल्या दोन, दोघांकडे एकेक.

सह्या झाल्यावर साहेब बॅग उचलून निघाले, तोच थोरल्याने मागून येऊन त्यांचा हात धरला.

"साहेब, ताई सांगत होत्या, किल्लीचं तुम्हीच घातलंत म्हणून. नाहीतर पुन्हा जुंपली असती आमची!"

आणि तो हसला, अगदी मोकळा. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते हसू साहेबांच्या वाट्याला आलं, आणि तेही तिनेच दिलेलं.