टेबलावर कन्नड नाही

"घरात मराठीच. का, असं विचारायचं नाही." हा नियम मोठ्या काकांचा. ते राहतात दीड तासावर, सँट्रीला, आणि येऊन-जाऊन असतात; पण त्यांचा नियम कायमचा राहतो आमच्या ॲथलोनच्या घरात! बाबा पुण्याचे, आई धारवाडची, धाकटा भाऊ तोंड उघडलं की आयरिश. अशा घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. सिंकमधल्या भांड्यांसारखे आपोआप साचतात.

आई अज्जीला, म्हणजे तिच्या आईला, फोन करायची तो बाहेर गाडीत बसून. काचा वर करून. शेजारच्या नोराने काळजीने विचारलं, तर भाऊ आईबद्दल म्हणाला, "मॅम इज ग्रँड. शी जस्ट टॉक्स टु द कार."

कॉलेजात एकदा एस्पेरांतो भाषा तयार करणाऱ्या माणसाबद्दल शिकवलं. वडिलांचा आग्रह रशियनचा, आईची यिडिश, बाजारात पोलिश. आणि गावात भाषेवरून माणसं एकमेकांचा द्वेष करायची. म्हणून त्याने सगळ्यांसाठी एक भाषा बनवली. मी हे जेवताना सांगितलं. काका खूश!

"बघ, एकच भाषा हवी, हे त्यालाही कळलं होतं."

"काका, पण ती कुणाच्याच काकांची नव्हती!"

बाबा म्हणाले, "आमटी घे."

मग अज्जी राहायला आली. टेबलावर गप्प. "किती शांत बाई!" काकांना कौतुक. तीच अज्जी मागच्या कुंपणावरून नोराशी तासभर बोलायची. ही कन्नडमध्ये, ती इंग्रजीत, दोघी खिदळत.

"काय म्हणत होती?" मी नोराला विचारलं.

"नो आयडिया, लव्ह. बट ग्रेट क्रॅक!" क्रॅक म्हणजे इथली धमाल.

अज्जीच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आई कामावर होती, मी कॉलेजात. बाबा आणि काका तिला हॉस्पिटलात घेऊन गेले. नर्स म्हणाली, फोनवर दुभाषी देते, भाषा कुठली? काका म्हणाले, "मराठी." बाबा शेजारीच उभे होते. अज्जीला मराठीतला एकच शब्द यायचा. दुखणं कमी आहे का? "बरं." घरी जायचं? "बरं."

घरी आणली. आई आली, अज्जी तिच्याशी दोन वाक्यं बोलली, आणि आईने अंगातला कोटही न काढता ॲम्ब्युलन्स बोलावली. तोवर उशीर झाला होता.

"कन्नड का नाही सांगितलंत?" मी काकांना विचारलं.

"आपलं घर मराठी आहे ना. सवयीने आलं तोंडात."

अज्जीचे दिवस झाल्यावर आमच्याकडे मंडळी जमली. काकांनी मला पुढे केलं. "अज्जींबद्दल चार शब्द बोल. शुद्ध मराठीत हं!"

"नाही."

"अगं, मोठी माणसं बसलीत."

"बसू देत. तिची मुलगी बोलेल. तिच्या भाषेत."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी जमिनीकडे.

आई उभी राहिली. "अव्वा..." म्हणाली. म्हणजे आई, एवढं ठाऊक होतं. पुढचं मला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. पण सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, काकांनीसुद्धा.