अंतराळतळासाठी रिकामी जागा

उदारीकरणाच्या त्या वर्षांत हैदराबादबाहेरचा प्रत्येक माळ कशाची तरी वाट पाहत पडला आहे, असे आम्हांला सांगितले जाई. सिकंदराबादच्या ज्या कचेरीत मी माहितीपत्रके लिहीत असे, तिथल्या साहेबांना अशाच एका माळावर खाजगी अंतराळतळ उभारायचा होता. त्यांच्या टेबलावर त्याची प्रतिकृती होती: लांब धावपट्टी, काचेचा घुमट, आणि हौशी प्रवाशांना आकाश काळे होईल इतक्या उंच नेऊन परत आणणारे बोटभर विमान. घुमटाला ताज्या डिंकाचा वास येई. मला त्या वासाचेही अप्रूप वाटे. इतकी वर्षे कविता लिहून मी वहीत मिटून ठेवल्या होत्या. इथे प्रथमच कुणाला तरी माझे वाक्य हवे होते.

मी लिहिले, ‘ही भूमी रिकामी आहे. इथे फक्त आकाश राहते.’

साहेबांनी ते दोनदा वाचले. “मॅडम, यही तो जान है!”

नारायणगुड्याच्या घरी संध्याकाळी ते वाक्य मी अप्पांना, माझ्या वडिलांना, ऐकवले. ते भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. मोतीबिंदूने आता अक्षरे दिसत नसत. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“तू गेली होतीस तिथं?”

“फोटो पाहिलेत, अप्पा. नुसते खडक आहेत.”

“फोटोला हाक मारून पाहिलीस का?”

ही अप्पांची जुनी रीत होती. जमिनीवर मोजणीची साखळी टाकण्याआधी ते हद्दीच्या दगडापाशी उभे राहत, तीनदा हाक मारीत, तेलुगूत, उर्दूत आणि शेवटी मराठीत, आणि एक विडी संपेपर्यंत थांबत. मगच कागदावर ‘गैरआबाद’, म्हणजे निर्जन, असे लिहीत. खात्याचा तसा नियम नव्हता. अप्पा खडकांना चहाला बोलावतात, अशी आम्ही मुले थट्टा करायचो.

“एकदा मात्र हाक नाही मारली,” ते म्हणाले. “ऊन फार होतं. मागाहून कळलं, टेकडीच्या पल्याड चार घरं होती.”

बशीतल्या चहावर साय धरली.

साहेबांनी कुरकुरत का होईना, जीप दिली. अप्पा आणि मी माळावर उतरलो तेव्हा तापलेल्या दगडांचा कोरडा, किंचित लोखंडी वास होता, आणि सीताफळीच्या पानांचा कडवट. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मान वर केली.

“एवरन्ना उन्नारा?”

वारा.

“कोई है क्या?”

पुन्हा वारा. मराठीत हाक मारायला त्यांनी श्वास घेतला, तोच खडकांमागून बाईचा आवाज आला, “उन्नाम्!” आहोत.

शेळ्यांच्या घोळक्यातून एक म्हातारी पुढे आली. तिने आम्हांला मडक्यातले पाणी दिले. त्याला धुराची चव होती. खडकांच्या ओट्यावर तिची तीन छपरे होती, आणि कुंकवाने माखलेले सात दगड. सुना बाकीच्या शेळ्या घेऊन पलीकडे गेल्या आहेत, ती म्हणाली. इथे काय होणार, असे तिने विचारले. माणसांना आकाशात नेऊन परत आणणार, हे अप्पांनी तिला तेलुगूत सांगितले. ती तोंडाला पदर लावून हसली आणि भरभर काहीतरी बोलली.

“काय म्हणते?” मी विचारले.

“म्हणते, खाली उतरल्यावर तहान लागेल त्यांना. पाणी कुणाकडं मागतील?”

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य काढून टाकले आणि लिहिले की या माळावर तीन घरे आहेत. साहेब रागावले नाहीत. रागावते तर बरे झाले असते. त्यांनी मऊ आवाजात समजावले, “मॅडम, घर तो सब जगह होते हैं. लोग यहाँ आसमान देखने आएँगे.” आणि माझा पहिलाच मजकूर छापायला गेला. मी नोकरी सोडली नाही. आणखी आठ महिने तिथेच राहिले.

पत्रक छापून आले तेव्हा अप्पांनी ते मागून घेतले. गुळगुळीत कागदावरून बोटे फिरवीत म्हणाले, “वाच.” मी वाचले. त्या वाक्यापाशी आल्यावर थांबले नाही. मी ते गाळून पुढच्या ओळीवर गेले.

“बरं केलंस, बाई,” ते म्हणाले.

अंतराळतळ झालाच नाही. साहेबांनी कचेरी हलवली, कुठे ते मला कळले नाही. माळाभोवती मात्र भिंत उभी राहिली. डोक्याहून उंच, वर काचांचे तुकडे रोवलेली. अप्पा गेल्यावर मी एकदा तिथे गेले. लोखंडी फाटकाशी उभी राहिले आणि त्यांच्याच क्रमाने हाका मारल्या. तेलुगूत माझा उच्चार कच्चा आहे. तिसऱ्या हाकेनंतर आतून पहारेकरी आला.

“कौन होना, अम्मा?” कोण हवे आहे?

मी तोंड उघडले. त्या म्हातारीचे नाव मी कधी विचारलेच नव्हते.