चौथा पाय

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. अठरा वर्षं स्लॅब ओतणाऱ्या टोळीची मुकादम आहे मी, हाताखाली बावीस माणसं. गोड बोलून तिथे कुणी जागचं हलत नाही. त्यामुळे सावकाशरावांना हे नाव कुणी ठेवलं असं विचाराल, तर मीच ठेवलं. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, साइटवर कुणाला आठवत नाही. पन्नाशी उलटलेला किडकिडीत माणूस, चष्म्याला दोरी बांधलेली, आणि तोंडात कायम एकच शब्द, ‘सावकाश’. गाडी मागे घ्या, सावकाश. पाइप जोडा, सावकाश. शिंक आली तरी सावकाश देत असतील, असं मी म्हणायचे आणि सगळी टोळी खिदळायची.

ते काँक्रीट पंपाचे ऑपरेटर. ट्रकच्या पाठीवर घडी घातलेला लोखंडी हात असतो, त्याला आम्ही बूम म्हणतो. मागच्या हौदात मिक्सरची गाडी काँक्रीट ओतते, पंप ते ढकलतो, आणि बूमच्या टोकाला लोंबणाऱ्या रबरी पाइपातून ते वर स्लॅबवर पडतं. तो पाइप धरून उभा असतो माझा सख्खा धाकटा भाऊ. सगळे त्याला बारक्या म्हणतात. सहा फूट उंच आहे, दोन लेकरांचा बाप आहे, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नाही.

सावकाशराव बूम उघडतात ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चक्क चहाचा कप हातात धरून उभी राहिले होते, चहा गार झाला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला पोटासमोर रिमोटची पेटी, त्यावर दोन अंगठे. बाकी माणूस हलत नाही. आणि वर ती अजस्र लोखंडी घडी एकेक करून उलगडत आभाळात जाते, झाडावरून, शेजारच्या गच्चीवरून, आणि टोक येऊन थांबतं ते बारक्याच्या खांद्याशी, त्याला हात लांब करायलाही लागू नये असं. एवढं धूड आणि एवढा अलगदपणा! मी टोळीला ओरडायचं विसरले होते त्या दिवशी, ही साधी गोष्ट नाही.

पण त्याआधीचा त्यांचा घोळ बघून माझा जीव जायचा. ट्रकच्या बाजूंना चार पाय निघतात. बूम पसरली की सगळा भार त्या पायांवर. हे गृहस्थ तासभर आधी येणार, हातात पहार घेऊन चारी पायांच्या जागा टोचत फिरणार. मग साइटवरचा जुना माणूस शोधायचा, बहुतेक वॉचमन, आणि त्याला विचारायचं, ‘‘इथं आधी काय होतं हो?’’ विहीर होती का, संडासाची टाकी होती का, कुणी खणून बुजवलंय का. जमिनीची अशी चौकशी तर मुलगी देताना मुलाचीही कुणी करत नाही. मग प्रत्येक पायाखाली लाकडी ओंडक्यांची आडवी-उभी चळत. मग मान वर करून विजेच्या तारा. मग बारक्याला तोच धडा रोज, ‘‘पाइप पायात घेऊ नको, सुरू करताना तोंडासमोर थांबू नको. आत हवा शिरली असेल तर पाइप माणसाला उडवतो. आणि तू मला दिसला नाहीस तर मी पंप बंद करणार.’’ बारक्या मान डोलवायचा. मी कपाळावर हात मारायचे.

तो दिवस चार वर्षांपूर्वीचा. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब. सकाळी आठलाच ऊन चटकायला लागलेलं, फाटकाशी मिक्सरच्या तीन गाड्या उभ्या, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतायत. काँक्रीट काही आपल्यासाठी थांबत नाही, ते गाडीतच मरायला लागतं. सावकाशरावांनी तीन पाय लावले. चौथा इमारतीच्या कोपऱ्याकडे. तिथे पहार टोचून ते उभेच राहिले.

‘‘ताई, इथं जरा भुसभुशीत लागतंय. वॉचमन येऊ दे, विचारतो.’’

वॉचमन चहाला गेला होता. माझं डोकंच फिरलं.

‘‘अहो, तीन महिने मी रोज याच वाटेनं चालतेय!’’ मी ओरडले. ‘‘दगडासारखी जमीन आहे. वॉचमन काय पाताळात जाऊन बघून आलाय? माझी माणसं वर ताटकळलीत. लावा तो पाय आणि करा एकदाचं सुरू!’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. पुन्हा हॉर्न वाजला. त्यांनी ओंडक्यांची चळत न रचता नुसती एक फळी टाकली आणि पाय खाली सोडला. मला काय वाटलं सांगू? जिंकल्यासारखं वाटलं.

माझं वजन साठ किलो. त्या एका पायावर येतो तो भार टनांत मोजायचा. आणि महिन्यापूर्वी त्याच कोपऱ्यात पाण्याच्या पाइपासाठी चर खणून वरवर बुजवला होता, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. घाईत आठवलाच नाही.

साडेदहाला निम्मा स्लॅब झाला होता. बूम पूर्ण पसरलेली, टोक पार पलीकडच्या कोपऱ्यात, बारक्या तिथे. मी खाली हौदापाशी. पंपाचा ठेका एकदम बंद पडला. बघते तर सावकाशरावांनी लाल बटण दाबलेलं, आणि नजर चौथ्या पायावर. फळीचा एक कोपरा वर उचलला होता. पाय दोन बोटं आत गेला होता. तो दोन बोटं खचला की तिकडे टोक वीतभर खाली येतं, आणि पाय अजून खचत होता.

त्यांनी तीनदा भोंगा दिला. स्लॅब सोडा, अशी खूण होती ती. माझी माणसं जिन्याकडे धावली, एकवीस जण खाली आले. बारक्याला येता येईना. तो कोपऱ्यात अडकला होता, आणि जिन्याकडे जायची एकच वाट, ती बरोबर बूमच्या खालून. तो पाइप सोडून पळायच्या बेतात होता. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, ‘‘ये रे, पळ!’’

‘‘ताई, गप्प!’’ सावकाशराव गरजले. त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही.

रिमोट गळ्यात आहे म्हटल्यावर माणूस शंभर पावलं मागे जाऊ शकतो. तिथून बटणं दाबली तरी चालतात. पण मागून बारक्या दिसत नव्हता. म्हणून हे पुढे चालत गेले. बूम पडली असती तर जिथे पडली असती, तिथेच जाऊन उभे राहिले, कारण तेवढ्याच जागेवरून त्याला ते दिसत होते आणि तो त्यांना. त्यांनी तळहात दाखवला, थांब. मग हात खाली, बस. मग खांबाच्या सळ्यांकडे बोट. माझा सहा फुटी भाऊ सळ्यांना मिठी मारून मांडी घालून बसला.

मग त्यांनी पंप उलटा चालवला. बूममधलं काँक्रीट मागे ओढलं, थोडं थोडं करून, म्हणजे वरचं ओझं हलकं व्हावं. ते झाल्यावर टोकाची घडी आत घ्यायला लागले. एक हिसका बसला असता तर सगळं संपलं असतं, हे तिथे खुळ्यालाही कळत होतं. अंगठा हलतोय की नाही तेही दिसेना. लोखंड सरकायचं, थांबायचं, झुलायचं. झुलणं पूर्ण विरेपर्यंत ते वाट बघायचे. वरचा भार जसजसा आत आला तसतसं पायाचं खचणं मंदावलं. मी पायाकडे बघत होते, बारक्याकडे बघत होते. बूम बारक्याच्या डोक्यावरून सरकली, स्लॅबच्या कडेवरून सरकली, आणि मग हळूहळू वळून पलीकडच्या पक्क्या पायांवर गेली. नऊ मिनिटं लागली. साइट इंजिनीअरनं घड्याळ बघितलं होतं म्हणून नऊ म्हणते, मला तर जन्म गेल्यासारखा वाटला. बारक्या खाली आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला आणि मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दुसरं काही सुचलंच नाही.

लोकांनी सावकाशरावांना उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. तेवढ्यात मॅनेजर आला. ‘‘जमीन पक्की आहे असं कुणी सांगितलं?’’

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. पण माझं नाव पुढे आलं तर टोळीचं काम जाणार, बावीस चुली बंद पडणार, असं काय काय डोक्यात आलं आणि मी तोंड मिटून घेतलं.

‘‘मी नीट बघितलं नाही,’’ सावकाशराव म्हणाले. ‘‘घाई केली. चूक माझी.’’ माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

त्यांना सहा महिने पंपावरून उतरवलं. वर्कशॉपमध्ये पाइप धूत बसवलं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, सगळं ओकून टाकायचं असं ठरवून. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खिडकीत वाळत घातलेले मोजे, कपाटावर चष्म्यांच्या जुन्या डब्या एकावर एक. ते खुर्चीत बसले होते आणि वहिनी बशीत चहा ओतून त्यांच्या ओठाला लावत होत्या. दोन्ही हात मांडीवर थरथरत होते.

‘‘परवापासून असंच,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘कप धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, उतरेल. पण असं झालं काय ते सांगत नाहीत हो. तुम्ही होतात ना तिथे?’’

त्या नऊ मिनिटांत तेच अंगठे केसभर हलले नव्हते. आणि घरी आल्यावर हे! मी त्या हातांकडे बघत राहिले. सांगायला गेले होते ते सांगितलंच नाही. भावाचा जीव वाचवलात, एवढंच कसंबसं म्हणाले. ते म्हणाले, ‘‘ताई, जीव धोक्यात मीच घातला होता. वाचवला कसला!’’ मी तशीच उठून आले. रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या, पण परत फिरले नाही.

सहा महिन्यांनी ते पंपावर परतले, आणि एक नवीनच सुरू झालं. काम सुरू होण्याआधी सगळ्यांना गोळा करायचे आणि ती गोष्ट सांगायचे. ‘‘एकदा मी घाई केली. चौथ्या पायाखाली बघितलं नाही. वर एक माणूस अडकला.’’ फळी किती उचलली होती, पाय किती खचला होता, सगळं. नऊ मिनिटांचा उल्लेख नाही. स्वतः कुठे जाऊन उभे राहिले होते, त्याचा नाही. आणि घाई कुणी करायला लावली, त्याचा तर कधीच नाही. आपली फजिती माणूस झाकून ठेवतो. यांनी ती दर साइटवर, दर सकाळी, अनोळखी माणसांपुढे काढून ठेवली. मी मागे उभी राहून ऐकायचे. साडेतीन वर्षं ऐकलं.

परवा नव्या साइटवर, नवे गवंडी. गोष्ट संपल्यावर त्यातला एक आगाऊ म्हणाला, ‘‘काय काका, त्या दिवशी डुलकी लागली होती की काय?’’ सगळे फिदीफिदी हसले. सावकाशरावही थोडे हसले. ‘‘तसंच समजा,’’ म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या गवंड्याची नव्हे, माझीच.

‘‘ए शहाण्या, दात मिटव,’’ मी पुढे झाले. ‘‘डुलकी नव्हती. हे वॉचमनसाठी थांबा म्हणत होते. मी थांबू दिलं नाही. जमीन पक्की आहे असं मी सांगितलं, आणि चर बुजवलेला मी बघितला होता. वर अडकलेला माणूस म्हणजे हा माझा सख्खा भाऊ.’’

सावकाशरावांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला.

‘‘ताईंनी घाई केली,’’ ते म्हणाले, ‘‘पण रिमोट माझ्या गळ्यात होता. चला, पाय लावायचेत.’’ आणि पहार घेऊन निघालेसुद्धा.

बारक्याकडे बघायची हिंमत होईना. तो हातमोजे चढवत होता.

‘‘मला माहीत होतं, ताई,’’ तो म्हणाला.

‘‘काय माहीत होतं?’’

‘‘अगं, मी वर स्लॅबच्या कडेशीच उभा होतो. शब्दन् शब्द ऐकला होता.’’

‘‘मग चार वर्षं बोलला का नाहीस मेल्या?’’

‘‘ज्यांनी सहा महिने पाइप धुतले ते बोलले नाहीत. मी कोण बोलणारा?’’ त्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला. ‘‘ते वर्कशॉपात होते तेव्हा मी पाइप सोडून विटा वाहिल्या. का, ते विचारलं होतंस कधी?’’

‘‘मला वाटलं, घाबरलास.’’

‘‘घाबरलो असतो तर परत आलो असतो का? ताई, त्या दिवशी सळ्यांना धरून बसलो होतो ना, तेव्हा मी बूमकडे बघतच नव्हतो. त्यांच्याकडे बघत होतो. खाली उभा राहून तो माणूस माझ्याबरोबर मरायला तयार होता. त्यानंतर मी दुसऱ्या कुणाच्या बूमखाली उभा राहिलेलो नाही.’’

एवढं बोलून तो जिना चढायला लागला, आणि मी तिथेच उभी राहून रडले, सगळ्या टोळीदेखत.