अंगठ्यातला भोंगा

एका सकाळी रुआबांध्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये मी उठलो, तर उजव्या पायाचा अंगठा भरताच्या वांग्याएवढा झालेला. रंगही तोच. मी वाढवून सांगतो असं घरचे म्हणतात. त्यांनी पाहिजे तर वांगं थोडं लहान धरावं. दुखणं मात्र मी तसूभरही वाढवलेलं नाही. पंख्याची हवा लागली तरी अंगठ्यावरून मालगाडी गेल्यासारखं वाटे. भर मे महिन्यात पंखा बंद करा म्हणून ओरडणारा माणूस अख्ख्या भिलाईत माझ्याशिवाय दुसरा झाला नसेल.

दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. पोलादाच्या प्लांटमध्ये मी गॅसच्या लाइनवर होतो, आणि आमच्या सेक्शनला पहाडासारखे एक फोरमन होते. त्यांचंही असंच अंगठ्यापासून सुरू झालं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. आता ते सिविक सेंटरच्या सायकल स्टँडवर स्टुलावर बसत, आणि ओळखीचं कोणी आलं की आधी त्याच्या पायांकडे बघत. त्यांना साखरेचा आजार होता, मला नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण त्या सकाळी ते ठाऊक असणं काही कामी आलं नाही. दवाखान्यात गेलो की पाय कापणार, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं आणि आईच्या इलाजाला हो म्हणालो.

आईचा इलाज म्हणजे वीट. आमच्या टाउनशिपमध्ये घरोघरी भट्टीच्या विटेचा एक तुकडा असायचाच. भट्टीचं अस्तर बदललं की जुन्या विटा बाहेर पडत आणि फिरत फिरत कोणाच्या ना कोणाच्या स्वयंपाकघरात पोचत. कशा पोचत ते विचारू नये. ही वीट एकदा शेगडीवर तापली की लवकर निवत नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळायची आणि कंबर असो, पोट असो, सर्दी असो, शेक द्यायचा. लोखंड वितळवणाऱ्या भट्टीला जी पुरली ती आपल्या सांध्याला पुरणार नाही का, असा सगळ्यांचा हिशेब.

आईनं दिवसभर अंगठा शेकला आणि दुसऱ्या दिवशी अंगात ताप भरला. अंगठ्यावर फोड येऊन फुटला आणि वीट काढली तरी टॉवेल तिथंच चिकटून वाळला. तो सोडवायची कोणाची छाती होईना. सूज जिथवर आली तिथं मी पेनानं पायावर रेघ मारून ठेवी, आणि थोड्या वेळानं बघावं तर सूज रेघेच्या वर. घोटा गेला. मग मी रेघा मारणंच बंद केलं आणि पायावर चादरीचा तंबू करून घेतला, म्हणजे बघायलाच नको.

त्या दुपारी वहिनी माहेराहून, नागपूरहून, परत आली. ती रायपूरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिनं तंबू उचलला आणि पायावरच्या माझ्या रेघा एकेक करून मोजल्या. माझी निम्मी जान तिथंच गेली.

"कावून शेकून राहिले भाऊजी?"

"सूज उतरवाले."

"मंग, उतरून राहिली?"

मी तंबू परत खाली सोडला. तिनं स्टूल ओढलं आणि मला माझ्याच खात्यातलं विचारलं, की तुमचा गॅस नळीत असतो तेव्हा काय करतो. भट्ट्या चालवतो, मी म्हणालो. आणि नळीबाहेर आला तर? जीव घेतो, मी म्हणालो. त्या गॅसला वास नसतो, रंग नसतो. डिटेक्टर वाजला की आम्ही डबे, टोप्या, देवाधर्माचे ताईत सगळं टाकून पळायचो.

शरीरातही तसंच आहे, ती म्हणाली. प्रत्येक पेशीत एटीपी नावाचं इंधन असतं. आत आहे तोवर सगळा संसार त्यावर चालतो. पेशी फुटली की ते बाहेर सांडतं. पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक बारीक दार असतं, रिसेप्टर म्हणतात त्याला. ते हीच गळती हुंगत बसलेलं असतं. बाहेर पुष्कळ एटीपी आलं की दार उघडतं, आणि ती पेशी भोंगा वाजवते. मग फौज धावून येते. जागा लाल होते, तापते, सुजते. भोंगा वेळेवर थांबला तर ठीक. नाही थांबला तर मूळ जखमेपेक्षा फौजच जास्त नासधूस करते. सांध्यांच्या, आतड्यांच्या कितीतरी जुनाट दुखण्यांमागे असा न थांबणारा भोंगा असावा, आणि ते दार बंद कसं करायचं हे जगभर लोक अजून शोधताहेत, असंही तिनं सांगितलं.

"अंगठ्यात काहीतरी आधीच पेशी फोडून राहिलं होतं," ती म्हणाली. "वरून तुमी विटेनं चांगल्या पेशी भाजल्या. गळती लागली तिथंच अजून नळ्या फोडल्या भाऊजी."

माणसाला समजलं की भीती जाते म्हणतात. माझी दुप्पट झाली. गळती म्हणजे काय हे मला तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. डोळे मिटले की अंगठ्यापासून कमरेपर्यंत भोंगे ऐकू येऊ लागले.

"दवाखान्यात कापतीन, वहिनी."

"अन् घरी बसून पाय वाचन का?"

रिक्षात मी पाय तोफेसारखा समोर धरून बसलो. डॉक्टरांनी रक्त काढायला लावलं, साखर पाहिली, अंगठा पाहिला, मग टॉवेल पाहिला. शेक कोणी दिला म्हणून विचारलं. आई खाली मान घालून म्हणाली, मी. डॉक्टरांनी नर्सकडे वळून कैंची मागवली.

मी आईचा हात असा धरला की तिच्या दोन बांगड्या तडकल्या. "डॉक्टरसाब," मी म्हणालो, "घुटने के नीचे से ही काटना."

"टॉवेल काटना है," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी टॉवेल ओला करून कडेकडेनं कापला. साखर नव्हती. युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून टोचत होते, म्हणाले. गोळ्या, थंड पट्ट्या, आणि शेक बिलकुल नाही. फोडाला मलम. मी विचारलं, पाय राहील ना? रहेगा, ते म्हणाले. मी परत विचारलं. रहेगा. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तोवर ते पुढच्या पेशंटकडे वळून त्याची जीभ बघत होते. तेव्हा कुठं मला खरं वाटलं. ज्याचा पाय जायचा आहे त्याच्याकडे डॉक्टर इतक्या लवकर पाठ फिरवत नाहीत.