रोज सकाळी नऊ दहाला

दिल्लीत करोल बागेत, गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली दिवसभर कोणीतरी हॉर्न वाजवून बघत असतं. वर आम्ही लॅबचे रिपोर्ट पेशंटना पाठवणारं सॉफ्टवेअर चालवतो. माझ्या प्रोबेशनचा तो शेवटचा आठवडा होता. कोपऱ्यातल्या कपाटातला जुना सर्व्हर शुक्रवारी पाच वाजता बंद होणार होता. त्याआधी सगळं नव्या सर्व्हरवर उभं राहिलं, तरच माझी नोकरी पक्की होणार होती.

शुक्रवारी अकरा वाजता बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम बनवायचं काम, अडकला. एक लायब्ररी सापडत नाही, असं स्क्रीनवर आलं. म्हणजे ज्या तयार तुकड्याच्या आधारानं आमचा प्रोग्रॅम बनतो, तोच नव्या सर्व्हरवर नव्हता. इंटरनेटवरही त्या नावाचं काही मिळेना. जुन्या सर्व्हरवर मात्र फाइल जागच्या जागी होती. मी तारीख बघितली. आजची. वेळ नऊ दहा.

नऊ दहाला ऑफिसात मी एकटीच होते, आणि मी कशालाही हात लावला नव्हता.

फाइलीच्या मालकाच्या जागी एका बाईचं नाव होतं. तिचं खातं नव्या सर्व्हरवर मीच नेलं नव्हतं, कारण तीन वर्षांत त्यात कोणी लॉगिन केलेलं नव्हतं. मी ऑफिस चालवणाऱ्या सरांना विचारलं.

"अच्छा, वो!" सर म्हणाले. "तेरी ही सीट पे बैठती थी. तेरे जैसी ही थी यार, दो साल में दस शब्द बोली होगी."

"दिखती कैसी थीं?"

सरांनी आठवून बघितलं. "चश्मा था... नहीं. पता नहीं."

परत येऊन मी खुर्चीत जरा पुढे सरकून बसले, मागे कोणासाठी तरी जागा सोडल्यासारखी.

तिच्या फोल्डरमध्ये एक लॉग होता, मशीननं केलेल्या कामाची नोंद. हजारावर ओळी, रोजची एक, सगळ्या सारख्या. मी आईला मेसेज करते तशा, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत: 'झालं. चहा घ्या.' शेवटची ओळ आज सकाळची. त्या ऑफिसात मराठी समजणारी मी एकटीच होते. मी तिच्या बाकीच्या फाइली उघडायला लागले.

कारण सापडायला तासभर लागला. ऑफिसची एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, रोज रात्री सर्व्हर साफ करते आणि मंजूर यादीत नसलेल्या फाइली पुसून टाकते. तिची लायब्ररी यादीत नव्हती. "यादीत घाला," एवढंच सरांना सांगायचं होतं. ते न सांगता, मशीननं रोज सकाळी लायब्ररी नव्यानं बनवावी अशी व्यवस्था तिनं लावून ठेवली होती. रात्री पुसली जायची, सकाळी परत यायची. ती गेल्यावरही तीन वर्षं.

मीही तेच केलं. तिची व्यवस्था उचलून नव्या सर्व्हरवर ठेवली आणि चालवली. बिल्ड पूर्ण झाला. कोणाशी बोलावं लागलं नाही. स्क्रीनवर ओळ उमटली: 'झालं. चहा घ्या.' या वेळी ती माझ्या नावाखाली होती.

त्या नावाकडे बघताना सरांचं 'पता नहीं' आठवलं. सरांना सांगायचं तर ते खातं गाळल्याची चूकही सांगावी लागणार होती, आणि तीही आजच.

साडेचारला मी ती व्यवस्था पुसली आणि उठले. सगळं सांगितलं.

"बस, इतनी सी बात?" सरांनी यादी उघडून फाइलीचं नाव घातलं. अर्धं मिनिट लागलं. "और खाता छोड़ने से पहले पूछा कर. तीन साल से किसी ने बोला क्यों नहीं?"

"मैं बोल रही हूँ," मी म्हणाले.

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "चलो. कन्फर्मेशन लेटर सोमवार को ले लेना."

पाच वाजता जुना सर्व्हर बंद झाला. कपाटातला पंखा हळूहळू थांबत गेला.

सोमवारी नऊ दहाला मी नव्या सर्व्हरवरचा लॉग उघडला. लायब्ररी जागेवर होती, तारीख शुक्रवारचीच. नवी ओळ आली नव्हती. नऊ अकरापर्यंत वाट बघितली. मग चहा करून आणला आणि खुर्चीत पुढे सरकूनच बसले.