दोघांचा खेळ एकटीनं

लग्नानंतर महिन्याभरात मी अमेरिकेत ट्रॉयला आले, २००४ साली. नवरा मोटारींच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचा आणि त्याचं काम चालायचं तो कारखाना दुसऱ्याच राज्यात होता. सोमवारी पहाटे तो एअरपोर्टला जायचा आणि गुरुवारी संध्याकाळी परत यायचा. मधले दिवस माझे. नागपूरला मी एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना काम करायची परवानगी नव्हती. मला गाडी चालवता येत नव्हती आणि आमच्या अपार्टमेंटसमोरच्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. खिडकीतून पार्किंग दिसायचं. सकाळी नऊला ते रिकामं व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत तसंच राहायचं.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये पुण्याच्या एक काकू राहत होत्या. मुलाकडे आल्या होत्या आणि हौशी होत्या. एका शनिवारी त्या मला आणि त्यांच्या सुनेला गराज सेलला, म्हणजे लोक घरापुढे जुन्या वस्तू विकायला मांडतात तिथे, घेऊन गेल्या. "चल गं, भांडीबिंडी छान मिळतात." एका घराच्या गवतावर टेबलं मांडली होती. दिवे, बेसबॉलचे हातमोजे, जुने टोस्टर. आणि एका बुटाच्या खोक्यात व्हिडिओ गेमच्या करड्या कॅसेटी, शेजारी त्यांचं मशीन.

मी खाली बसले ती उठेचना.

"हे काय घेतेस?" काकू म्हणाल्या. "मुलं झाली की नवीन घ्या ना चांगलं."

मी हसले आणि खोकं उचललं.

नागपूरला आमच्याकडे असलेलं मशीन ह्याचीच चिनी नक्कल होती. बाबांनी दहावीच्या निकालानंतर दादाला घेऊन दिलं होतं. आमच्या कॅसेटी पिवळ्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आई-बाबा ऑफिसात असायचे, आणि आम्ही दोघं कूलरच्या खोलीत दार लावून बसायचो. अडॅप्टर इतका तापायचा की तो कूलरच्या झोताखाली ठेवावा लागे. चित्र हललं की दादा कॅसेट काढून फुंकर मारायचा आणि गंभीर चेहऱ्यानं परत लावायचा. तो इंजिनिअर होणार हे मला तेव्हाच पटलं होतं.

आमचा लाडका गेम रणगाड्यांचा. विटांच्या भिंती, वरून येणारे शत्रूचे रणगाडे आणि खाली मधोमध आपलं ठाणं. ठाण्यावर एक गरुड. गरुड गेला की दोघंही हरले. दादा पिवळा रणगाडा घेऊन सरळ वर जायचा. मला म्हणायचा, "तू ठाणं सांभाळ." मी हिरवा रणगाडा घेऊन खालीच फिरायचे. चुकून एखादी गोळी निसटली की ओरडायचा, "झोपली होती काय?" पण पुढच्या डावात पुन्हा मलाच खाली ठेवायचा. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता, असं मी समजायचे.

बुटाच्या खोक्यात तो गेम नव्हता. एके रविवारी नवऱ्याला घेऊन मी जुन्या गेम्सच्या दुकानात गेले. काउंटरवर लाल दाढीचा एक धिप्पाड माणूस होता. मी त्याला सगळं वर्णन करून सांगितलं. रणगाडे, विटा, गरुड. त्यानं कॉम्प्युटरवर बरंच शोधलं आणि मान हलवली. "हा गेम अमेरिकेत कधी विकलाच नाही. तू कुठे खेळलीस?"

"इंडियात. आमच्याकडे सगळ्यांकडे होता."

"सगळ्यांकडे?" त्याला फार गंमत वाटली. मला मात्र कसंतरीच झालं. माझं आख्खं लहानपण ज्या गेममध्ये गेलं, तो ह्या देशात कुणी पाहिलेलाही नव्हता.

त्यानं कुठून तरी जपानी कॅसेट मागवून दिली, सोबत ती माझ्या अमेरिकन मशीनमध्ये बसवायचा एक जोड-तुकडाही. मी दुसरा कंट्रोलरही घेतला. नवरा एकदा खेळला, गुरुवारी, विमानातून उतरून आल्यावर. पाच मिनिटांत त्याचे डोळे मिटायला लागले. "तू खेळ गं," म्हणाला, "मी बघतो," आणि सोफ्यावर झोपून गेला.

मग मी एकटी खेळू लागले. एकटीनं खेळायचं तर वरही जावं लागतं आणि ठाणंही सांभाळावं लागतं. पहिल्या आठवड्यात सारखी हरले. मग जमलं. दादा आणि मी मिळून कधी पोचलो नव्हतो तिथपर्यंत मी पोचले. स्क्रीनवर आकडे नाचले, ते संगीत वाजलं. मी मागे वळून बघितलं आणि मग लक्षात आलं की मागे स्वयंपाकघर आहे.

फोन कार्डानं घरी फोन केला. बाबा नेहमीसारखं "जयभीम बेटा" म्हणाले, तब्येतीचं विचारलं आणि दादाला फोन दिला.

"दादा, मी रणगाड्यांच्या गेममध्ये पस्तिसाव्या लेव्हलला पोचले. एकटी."

"अजून ते खेळून राहिली तू?" तो मोठ्यानं हसला. मागे त्याची मुलगी रडायला लागली. "थांब, हिला भूक लागली. करतो तुला फोन." त्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही. नवीन बाळ होतं घरात, मला राग नव्हता.

पुढच्या वर्षी त्याच्या कंपनीनं त्याला काही आठवड्यांसाठी बेलव्ह्यूला पाठवलं. त्याच देशात आला होता, तरी विमानानं चार-पाच तासांवर. मी हट्टच धरला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तो आमच्याकडे आला. मी पाटवडीचा रस्सा केला. टीव्हीपुढे गालिचा झटकून ठेवला, दोन्ही कंट्रोलरच्या वायरी सरळ केल्या. नवरा म्हणाला, "अगं, मुख्यमंत्री येतायत का?"

दादा जाड झाला होता. कानाशी केस पांढरे. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "आईसारखा झाला गं." मग लॅपटॉप उघडला. त्याच्या प्रोजेक्टचं काहीतरी अडलं होतं. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा दुकानात गेला होता, दादा खिडकीतून बर्फ बघत होता.

"खेळायचं का?" मी विचारलं.

"अरे, हो ना! लाव."

तो मांडी घालून बसला. गुडघा धरत बसला. मी हिरवा रणगाडा घेतला, त्यानं पिवळा. तो सरळ वर गेला आणि लगेच मेला. "फायरचं बटण कोणतं होतं गं?" दुसऱ्यांदा त्यानं स्वतःच आपल्या ठाण्याच्या विटा फोडल्या. आम्ही दोघं पोट धरून हसलो. किती दिवसांनी त्या घरात कुणी असं हसत होतं. तिसऱ्या डावात जरा जम बसला. तो वर, मी खाली. मी श्वास रोखून खेळत होते.

त्याचा फोन वाजला. वहिनीचा होता. "एक मिनिट हां," म्हणून कंट्रोलर गालिच्यावर ठेवून तो बेडरूममध्ये गेला.

मला गेम थांबवता आला असता. का कोण जाणे, मी थांबवला नाही. पिवळा रणगाडा वर एका जागी उभा होता आणि मी ठाणं सोडून त्याला वाचवायला वर गेले. तेवढ्यात खाली गरुड गेला. आतून दादाचा आवाज येत होता, मुलीला ताप आलाय का, डॉक्टर काय म्हणाले. अर्ध्या तासानं तो बाहेर आला. टीव्ही मी बंद केला होता. त्यानं चहा मागितला, आमच्या ग्रीन कार्डाचं विचारलं. मग म्हणाला, "आपण काय वेडे होतो ना. अख्ख्या दुपारी घालवायचो यात."

"हो," मी म्हणाले.

एअरपोर्टवर सामान देऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "तू दिवसभर काय करते गं इथे?"

"करते काहीतरी."

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी मी पडले की बघायचा तसा, लागलंय की नाटक करतेय हे ठरवत. "वापस येऊन जा," म्हणाला.

"येऊन काय करू?"

त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि तो सिक्युरिटीच्या रांगेत गेला.

तो हिवाळा मी मशीनला हात लावला नाही. उन्हाळ्यात ड्रायव्हिंग शिकले. एकटीनं गाडी घेऊन जाण्याची पहिली जागा म्हणजे तेच दुकान. लाल दाढीवाल्यानं ओळखलं. "रणगाडे!" तो म्हणाला. कारच्या चाव्या हातात घेऊन उभी असताना कुणीतरी मला ओळखलं याचा मला केवढा आनंद झाला होता. त्यानं नोव्हेंबरात येणाऱ्या नव्या मशीनबद्दल सांगितलं. बटणं दाबायची नाहीत, रिमोट हातात धरून हात हलवायचा. टेनिस खेळायचं तर खरंच मारायचं. मासिकातली चित्रं दाखवली. मी ते मासिक घेऊन आले आणि सप्टेंबर-ऑक्टोबर त्यावर काढले. नवऱ्याला जेवताना तेच सांगायचे. तो म्हणाला, "इतकी खूश तर तू व्हिसा मिळाल्यावरही नव्हतीस."

मशीन विक्रीला आलं त्या रविवारी मी उजाडताना रांगेत जाऊन उभी राहिले. नवरा येतो म्हणाला, पण आठवडाभर थकलेला होता, मीच नको म्हटलं. थंडीनं पायांची बोटं बधिर झाली. रांगेत बहुतेक कॉलेजची मुलं होती, घोंगड्या पांघरून. माझ्यापुढच्या माणसानं विचारलं, "मुलांसाठी घेतेयस?"

हा प्रश्न मला दोन वर्षं निरनिराळ्या शब्दांत विचारला जात होता. मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवात, फोनवर. प्रत्येक वेळी मी काहीतरी पुटपुटायचे.

"नाही," मी म्हणाले. "माझ्यासाठी."

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि त्यानं थर्मासच्या झाकणात मला कॉफी दिली. तो कोणता गेम घेणार, मी कोणता, ह्यावर आम्ही दुकान उघडेपर्यंत बोललो. मी इंग्रजीत इतकं सलग कुणाशी बोलले नव्हते.

दाढीवाला बाहेर आला, माणसं मोजत आला आणि माझ्या अलीकडेच थांबला. पुढच्या माणसाला शेवटचं मशीन मिळालं. "सॉरी," दाढीवाला मला म्हणाला. "पुढचा ट्रक आला की फोन करीन."

गाडीत बसून रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घरी येताना उलट हलकं वाटत होतं. पुढे वाट बघण्यासारखं अजून काहीतरी शिल्लक होतं.

डिसेंबरात एकदा मी लाँड्रीतून वर आले, तर आन्सरिंग मशीनचा दिवा लुकलुकत होता. त्यावरचे निरोप नेहमी नवऱ्यासाठी असत. हा माझ्यासाठी होता. दाढीवाला माझं नाव चुकीचं उच्चारून सांगत होता की माझं मशीन आलंय, ठेवून दिलंय. मी कपड्यांची टोपली खाली ठेवली आणि तो निरोप पुन्हा ऐकला. आणखी एकदा ऐकला.

टेनिस मला फार आवडलं. मी सॉक्स काढून, ओढणी कमरेला बांधून खेळायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या, ताठ, पांढरे बॉबकट केस. आजवर जिन्यात हाय-बायच झालेलं.

"वर काय चाललंय? माझा दिवा हलतोय."

मी शरमले. काय सांगावं कळेना, म्हणून त्यांना आत बोलावलं आणि टीव्हीच दाखवला. टेनिसशेजारी बोलिंगचं, चेंडू घरंगळवून दहा बाटल्या पाडायच्या खेळाचं, चित्र होतं; ते बघून त्यांचा चेहरा बदलला. त्या पूर्वी शाळेची बस चालवायच्या, आणि दर आठवड्याला बोलिंगच्या टीममध्ये खेळायच्या. खांदा गेला तेव्हापासून बंद. मी रिमोट त्यांच्या हातात देऊन त्याची दोरी मनगटात अडकवली. "खांदा लागत नाही, नुसतं मनगट." त्यांनी हात मागे नेला, अलगद पुढे आणला. दहाच्या दहा पडल्या. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "परत लाव."

त्यानंतर त्या बुधवारी दुपारी येऊ लागल्या. सोबत स्वतःच्या सपाता आणायच्या. मी चहा करायचे, त्या आलं काढून टाकायला सांगायच्या. गप्पा फार नव्हत्या. मी हरले की कारण सांगायच्या, "पाऊल लवकर टाकतेस." नवऱ्याला मी गुरुवारी बुधवारचं सांगायचे, आणि तो खरंच ऐकायचा.

२००८च्या वसंतात त्यांच्या मुलीनं त्यांना ॲरिझोनाला नेलं. निघायच्या आधीच्या बुधवारीही त्या खेळल्या, जिंकल्या, सपाता पिशवीत घातल्या. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी माझा गाल थोपटला आणि जिना उतरून गेल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी.

पुढच्या बुधवारी मी एकटीच टेनिस लावलं. खेळता खेळता मी उड्या मारत होते, गरजेपेक्षा जास्त. मग बूट घालून आले आणि आणखी जोरात मारल्या. कपाटातली भांडी खणखणली. मी थांबले आणि दाराकडे कान देऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी नवरा बॅग ओढत वर आला. "खालचा फ्लॅट अजून रिकामाच आहे गं," म्हणाला. "पाटी लावलीय बाहेर."

"माहितीये," मी म्हणाले आणि त्याचं ताट वाढायला घेतलं.